नीतूची पिल्लं

६ एप्रिल
आले बाई एकदाची लग्न होऊन भिलाईत! स्मृति नगरातलं घर ऐसपैस आहे आणि गच्चीवर तर खजिनाच: सक्युलंटच्या कुंड्याच कुंड्या, जाड पानांवर कारखान्याची तांबूस धूळ. परागच्या पहिल्या बायकोच्या, नीतूच्या. गेल्या वर्षी नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांत, ऊन लागून ती गेली. तेव्हापासून कुणी पाणी घातलं नाही, तरी झाडं तगून आहेत. गोंदियाला माझ्या खिडकीत दोन कुंड्या जेमतेम मावायच्या. इथे सवतीने बागच मांडून ठेवलीय. सासूबाईंनी तो कचरा फेकून दे म्हणून बजावलं. कुणी बजावलं की मी हमखास उलट करते.

९ एप्रिल
नवी रोपं करायला सगळ्यात मोठ्या सक्युलंटची, एचेव्हेरियाची, पानं काढली. पान हलकेच हलवत देठाशी अखंड काढायचं, कोरड्या मातीवर नुसतं ठेवायचं. पाणी थेंबभरही नाही, आधी जखम सुकली पाहिजे. नवखे लोक इथेच माया करतात आणि पान कुजवतात. मग पान आपल्या पोटातलं पाणी पाजून पिल्लू वाढवतं आणि स्वतः सुकून जातं. आईच ती. गच्चीवरच्या बंद खोलीच्या दारापाशी सावली असते, ट्रे तिथे ठेवले.

४ मे
पिल्लं आली! गुलाबी मुळंही फुटली. पण सगळी मुळं एकाच दिशेला, खोलीच्या दाराखालच्या फटीतून आत गेलीत. आणि आईपानं सुकायला हवी होती, ती टच्च भरलेली. मग पिल्लं पाणी पितात कुणाचं?
परागला हल्ली फार तहान लागते. पाण्याचे जगच्या जग रिचवतो, तरी ओठ फुटलेले.

१५ मे
सलाइन लावून झालं, उपयोग शून्य. परागची बोटं सुरकुतली आहेत. सासूबाईंचीही जीभ टाळूला चिकटते. मी रडले आज. वर गेले तर पिल्लं मस्त गुटगुटीत.

२२ मे
शेजारच्या रुक्माबाईंनी अखेर सांगितलं. नीतू उलट बोलायची. म्हणून नवतप्यात मायलेकांनी तिला त्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. ती पाणी पाणी करायची. सासूबाई हसून म्हणायच्या, हिच्या झाडायले पानी नाई लागत, तं हिले कायले लागते? रुक्माबाईंना सगळं ऐकू येत होतं. पण दुसऱ्याच्या घरात कावून पडा, आपल्याला काय करायचं, म्हणून त्या गप्प बसल्या.


२५ मे
नवतपा लागला. परागला तोंडावर विचारलं. नाही म्हणाला नाही. तिचं डोकं ठंडं करायचं होतं म्हणे. मग कोयता घेऊन वर गेला, मुळं तोडायला. खोलीत शिरला आणि दार लागलं. बाहेरची कडी मुळांनी सरकवली. भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर.
पाणी मागतोय. मी काढू शकते कडी. मुळं बाजूला झालीत, मला वाट दिलीय —
नाही काढली.

२६ मे
सासूबाई जिन्यातच गेल्या. उचलल्या तर सुकल्या पानाइतक्या हलक्या.
तो अजून हाका मारतोय. दया यावी ना मला? येत नाही. म्हटलं, नीतू, पी पोटभर —

२७ मे
रुक्माबाई गेल्या. पार वाळून. त्यांनी तर काहीच केलं नव्हतं. नुसतं ऐकलं —
ऐकलं आणि गप्प —
मीही दोन दिवस —

वर धावले. कडी काढायला. आता मुळं हटत नाहीत. आतून आवाज नाही.
तांब्या तोंडाला लावला. रिकामा. आत्ता भरला होता. परत भरला —
बोटं सुरकुतलीत. पेन धरवत —
पिल्लं माझ्याकडे वळलीत सगळी —
नीतू, मी तर तुझ्या बाजू