यंत्रावरचा गणपती

प्रिय क्षिप्रा,

तुझ्या आजीचे पापड आता तू केलेल्या यंत्रावर होतात, हे माझं सगळ्या मानपाड्याला सांगून झालं. उडदाचं पीठ कुटून कुटून आम्हा बायकांचे खांदे निखळायचे. आता दोन रूळ फिरतात नि पीठ कसं लोण्यासारखं बाहेर येतं. माझी नात ठाण्याला मोठ्या कंपनीत आहे, यंत्रात माणसाला कुठे इजा होईल ते आधीच हुडकून ठेवते, असं सांगताना ऊर भरून येतो बघ. तुझे आजोबा हवे होते.

झाकण मात्र फार कडक केलंस बाई. उघडलं की यंत्र बंद. आमच्या बचत गटातली मालन पहिल्याच दिवशी कुरकुरली, "पिठाला बोट लावल्याशिवाय घट्ट की सैल, कळायचं कसं?" खरंच आहे ते. सासवांनी आम्हाला तेच शिकवलं. मग युक्तीही तिलाच सुचली. झाकणातल्या लोहचुंबकावर यंत्र चालतं ना, तर तिने घरच्या फ्रीजला चिकटणारा टिटवाळ्याचा गणपती आणून झाकणाचं लोहचुंबक टेकतं तिथे चिकटवला. झाकण उघडं नि यंत्र चालू. आम्ही हळदकुंकू वाहिलं, साखर वाटली, तुझी फार आठवण काढली.

आता रूळ फिरत असतानाच पीठ आत लोटता येतं. मागे एकदा मालनचा पदर आत ओढला गेला, पण साडी जुनीच होती. परवा तिच्या बांगड्या वाढल्या. पिठातल्या हिरव्या काचा वेचता वेचता आम्हाला हसू आवरेना. काल ती आलीच नाही. मी जाऊन बघून आले. हाताला हे एवढं फडकं. दारात चेपलं म्हणाली, पण कुठल्या दारात ते सांगेना.

तुमचे साहेब यंत्र बघायला येतील तेव्हा गणपती काढून ठेवू, तू काळजी करू नकोस. त्यांनी पसंत केलं की बाकीच्या गटांनाही असंच यंत्र मिळणार ना? तुझं नाव होईल.

फोनवर बोलले असते, पण तुझा बाबा ऐकतो नि मग मला घरी बसवतो. मालनच्या जागी सोमवारपासून मी उभी राहणार आहे. नजर अधू झाली तरी माझ्या बोटांना अजून सगळं कळतं. फक्त तो गणपती सैल झालाय, घसरतो. यंत्र थांबतं, अडकलेलं पीठ काढायला हात घालावा तर आपसूक पुन्हा सुरू होतं. तुझ्याकडे घट्ट धरणारं लोहचुंबक असेल तर तेवढं सोमवारच्या आत पाठव.

तुझीच,
आजी