शिपायाची दुसरी बॅटरी

सक्करदरा, नागपूर

ती. यमुताईस मनोहरचा साष्टांग नमस्कार.

तुझी कंबर, तुझी संत्री आणि शिंगं उगारणारी तुझी गाय, तिघांचीही खुशाली कळव. फोन सोडून पत्र काहून, असं म्हणशील. अगं, कोराडीच्या वीजकेंद्रात टर्बाइनपाशी जन्म काढून मी अर्धा बहिरा झालो आणि तू लहानपणापासून हळू बोलतेस. आपला फोन म्हणजे दोन्हीकडून नुसतं ‘काय? काय?’ पत्राला निदान ओरडावं लागत नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशनपासून शामला बाहेरच्या खोलीत दिवाणावर असते. ती हाक मारते, मला स्वयंपाकघरात ऐकू येत नाही. पुढे पुढे तिनं हाक मारणंच सोडलं. चष्मा हवा असला तरी गप्प बसून राहायची. ते मला सोसेना. म्हणून मी एक रोबो केला. (हसू नकोस. सुटे भाग सुशीलनं पाठवले. पोराला बापाच्या बुद्धीवर विश्वास आहे, किंवा बापाला कामात गुंतवायचं असेल.) ताटाएवढी गाडी, चार चाकं, वर ट्रे. जमिनीवर काळी चिकटपट्टी लावली आहे, तिच्यावरून तो दिवाण ते स्वयंपाकघर ये-जा करतो. शामला चिठ्ठी ठेवून त्याला सोडते आणि तो माझ्या पायाला येऊन धडकतो. पायाला मला अजून ऐकू येतं. आम्ही त्याला शिपाई म्हणतो.

आता खरं रामायण बॅटरीचं. आधी मी जुन्या यूपीएसची बॅटरी चढवली. ज्यात वजन त्यात दम, हा आमचा कोराडीचा समज. शिपाई डबक्यातल्या म्हशीसारखा बसला तो उठेना. मग चार्ज होणारे पेन्सिल सेल घातले. ते स्वभावानं गरीब, सपाट जमिनीवर नीट चालले, पण बाहेरच्या खोलीच्या उंबरठ्यापाशी कण्हू लागले. शेवटी बर्डीच्या बाजारात गेलो. दुकानदारानं माझं सगळं भाषण ऐकून घेतलं (मी मेगावॅटपासून सुरुवात केली होती) आणि विचारलं, “काकाजी, रोबो चालवाचा हाय का गावाले वीज द्याची हाय?” मग लिथियमची एक चपटी पुडी हातावर ठेवली. इतकी हलकी, की रिकामीच दिली असं वाटलं. वर दम दिला, “फुगली तं वापराची नाही. आन् चार्जिंगले लावून बाजाराले जाचं नाही.”

मी दोन घेतल्या. तू म्हणशील, दोन कशाला? ताई, आमच्याकडे एक पंप चालू असला की दुसरा तयार असायचाच. त्याला स्टँडबाय म्हणतात. स्टँडबायशिवाय मशीन सुरू करणारा माणूस आमच्यात वेडा ठरायचा. तेव्हा शिपायाच्या पाठीवर दुसरी बॅटरी, तिच्या तारा, तिचा बदलण्याचा स्विच आणि हे सगळं बांधायला पत्र्याची पट्टी, असा संसार चढला. शिपाई पुन्हा उंबरठ्यावर अडकला. पाण्याचा पेला काढला तर जायचा. म्हणजे स्टँडबाय न्यायचा तर पाणी नाही, आणि नुसता स्टँडबाय पिऊन शामलाची तहान काही भागणार नव्हती.

तरी मला तो काढवेना. शेवटी शामलाच म्हणाली, “तुमचा सारा जन्म दुसरा पंप तयार ठेवण्यात गेला. आता चालू द्या न एकावर. बंद पडला तं पडला.”

मी विचार करत बसलो. जोवर काही बिघडत नाही तोवर स्टँडबाय म्हणजे नुसतं ओझं. आणि बिघडेल त्या दिवसाचं वजन रोज किती उचलायचं? पण ज्यानं ते कधीच उचललं नाही, त्याचं त्या दिवशी काय होतं, हेही मी कोराडीला पाहिलं आहे. दोन्ही खरं आहे. अखेर दुसरी बॅटरी काढली, पेला ठेवला आणि शिपाई सोडला. मुद्दाम मागे गेलो नाही, विश्वास टाकला. थोड्या वेळानं तो रिकामा पेला घेऊन परत आला! ताई, टर्बाइन पहिल्यांदा फिरलं तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

शामलाचा नमस्कार.

तुझा,
मनोहर

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. माझ्या हृदयाची एक नळी अरुंद झाली आहे, तिच्यात जाळी बसवायची आहे. घाबरण्यासारखं नाही, असं डॉक्टर म्हणतात. ते म्हणणारच, पंप माझा आहे आणि या पंपाला स्टँडबाय नसतो. मला भीती वाटते. शामलाला यातलं काही माहीत नाही. मी दवाखान्यात असताना तिचा शिपाई कोण भरून पाठवील? संत्री द्यायचं निमित्त करून ये आणि तिच्याजवळ राहा. पाकिटावर पत्ता तीच लिहील, तिचं अक्षर चांगलं आहे. म्हणून पाकीट चिकटवूनच शिपायावर ठेवतो.

ता. क. : यमुताई, शामलाचा नमस्कार. डिंक ओलाच होता. जाळीचं मला डॉक्टरांनी यांना सांगितलं त्याच दिवशी कळलं. हे डॉक्टरांशी फोनवर बोलतात तेव्हा सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत ऐकू जातं. शेजारची मधुवंती तर नवसही बोलून आली. दवाखान्याची बॅग भरून ठेवली आहे, त्यात चष्मेही दोन ठेवले, स्टँडबायशिवाय हे घरातून निघायचे नाहीत. आणखी एक, पण त्यांना सांगू नका. तो शिपाई आताही उंबरठ्यावर अडकतोच. मी उठून जाते, त्याला पलीकडे उचलून ठेवते आणि परत येऊन बसते. मला आता चांगलं चालता येतं. पण त्या गाडीच्या नादात असले की त्यांचा हात छातीवर जात नाही, म्हणून बोलले नाही. तुम्ही याच, पण घर आणि शिपाई तुम्ही सांभाळा. दवाखान्यात मी बसणार. त्यांनी हाक मारली तर ऐकू येणारं माणूस तिथं पाहिजे.