गांधारीच्या खोलीत

प्रिय दादा,

प्रदर्शन एकदाचं पार पडलं. फोनवर तू विचारलंस तेव्हा 'छान झालं' म्हणून विषय संपवला, कारण आई शेजारीच होती. आता सविस्तर लिहिते.

आम्ही चौघींनी मिळून गांधारी घेतली होती. एकीने आवाजांचं काम केलं, एकीने कापडाचं, एकीने लाकडी भिंती उभ्या केल्या. मातीचे चेहरे माझे. येणाऱ्याने दारातच डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि आतलं सगळं हातांनी बघायचं. भांडणंही सणसणीत झाली. गांधारीचं ते प्रेम होतं की हट्ट, यावरून कापडवाली माझ्याशी बोलेनाशीच झाली होती.

शनिवारी आई बाबांना घेऊन आली. त्यांची नजर गेल्यापासून ती त्यांचा हात सोडत नाही, तुला ठाऊकच आहे. "मी पट्टी बांधली तर यांना कोण बघणार?" असं तिचं चाललं होतं. शेवटी बाबाच म्हणाले, "बांध गं. आज मी नेतो तुला."

आत आई लगेच बावरली. बाबा मात्र भिंतीला हात लावून आरामात चालत होते. "इथे पायरी आहे, सांभाळ." "हे नाक बघ, थेट तुझ्या भावाचं!" आई आधी खूप हसली. पण बाहेर येऊन पट्टी सोडताना तिचा चेहरा उतरला होता. दुसऱ्या दिवशी भांडी विसळता विसळता एकदम म्हणाली, "यांना एवढं सगळं जमतं, तर मी इतकी वर्षं घरात बसून काय केलं गं?" मी भांडी पुसत राहिले.

पुढच्या महिन्यात प्रदर्शन दुसऱ्या शहरात जातंय. कापडवालीला शिवणारं माणूस हवंय आणि माझ्या पिशवीवरचा आईचा शिवणाचा हात तिला पसंत पडलाय. आईने अजून हो म्हटलेलं नाही. पण माळ्यावरची बॅग काढून, झटकून उन्हात ठेवलीय.

म्हणून हे पत्र. महिनाभर इथे येऊन राहा. आई तुला विचारणार नाही, बाबा तर मुळीच नाही. स्वयंपाक येत नाही ही सबब चालणार नाही. बाबांना येतो, लग्नाआधी तेच करायचे, आईनेच त्यांना परत ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. तू नुसता ये. ते शिकवतील तुला.

तुझीच,
धाकटी