ताईच्या पत्रिकांचे पंख

कसबा बावडा,
फेब्रुवारी २००१

अव्वास,
कोल्हापुरातनं शिवांजलीचे शरणार्थ. मेसचं जेवण बरं हाय, काळजी नको. तुझा गुडघा कसा हाय?

रविवारी कॉलेजात रॉकेटची स्पर्धा हाय. ज्याचं सगळ्यात उंच जाईल, तो जिंकला. बाकीच्यांनी पुण्याहून महागाचं सामान आणलंय. आमची नळी कापडदुकानातली, पुठ्ठ्याची, आणि पंख ताईच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचे. इतका हलका, ताठ कागद कुणाकडंच न्हाय. आमचंच वर जाणार बघ.

म्हणून त्याच दिवशी मला बघायला येणाऱ्या पावण्यांना पुढच्या रविवारी बोलवायला अप्पांना सांग. ते चिडलेत काय? एका पंखावर त्यांचंच नाव हाय. काल तो निखळलाता, पण परत घट्ट बसवलाय.

माझ्याही पत्रिका छापायची एवढी घाई असली, तर त्याच कागदावर छापा. चार जास्तीच्या काढा. पुढच्या रॉकेटला लागतील.

तुझीच,
शिवांजली