गेनबाचा अंगठा मी पाहिला नाही

मी, बुद्धभूषण धोंडिबा ओव्हाळ, वय वर्षे बावन्न, धंदा टंकलेखन, पत्ता सांगण्यासारखा नाही, आज सदाशिव पेठेत डॉ. वासंती आगाशे यांच्या दवाखान्यात बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. यकृताबद्दल तसे काही लिहून द्यायला त्या तयार नाहीत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. गेल्या अकरा वर्षांत पोलिसांखेरीज माझी कोणाला आठवणही झालेली नाही.

कोर्टाबाहेर टेबल टाकून मी सतरा वर्षे लोकांची मृत्युपत्रे टाइप केली. साक्षीदार कमी पडला की मीच सही करायचो. आम्ही सगळेच करायचो. पक्षकार लांब रिक्षात बसलेला असायचा आणि आम्ही ‘आमच्या समक्ष’ लिहून मोकळे.

१२ मार्च १९९८ रोजी दुपारी संजय कानगुडे टेबलाशी आला. त्याचे चुलते गेनबा यांची कोथरूडच्या पलीकडे अकरा एकर जमीन होती आणि बिल्डरांच्या नव्या इमारती तिच्या बांधाला येऊन टेकल्या होत्या. सगळी जमीन संजयला, असे मृत्युपत्र मी आदल्या दिवशी टाइप केले होते. गेनबाने राहत्या घरी साक्षीदारांसमक्ष अंगठा केला, हे नेहमीचे वाक्यही त्यात होते. संजय म्हणाला, “म्हाताऱ्याचे गुडघे गेलेत, अहो. घरीच अंगठा घेतलाय. तुम्ही तेवढी साक्ष करा.” मी केली. खाली तारीखही घातली.

संध्याकाळी गेनबा विहिरीत सापडला. डोक्यात घाव होता आणि तो सकाळीच मेला होता. अंगठा जिवंत माणसाचा होता की मेलेल्याचा, हे संजयलाच ठाऊक. त्याने पोलिसांना सांगितले की ओव्हाळ साक्षीला घरी आला, सगळे गेल्यावर मागे थांबला आणि बिल्डरने जमिनीसाठी दिलेला रोख इसार तेव्हापासून गायब आहे. दुसरा साक्षीदार संजयचा ड्रायव्हर. त्याने मान डोलावली.

“सही तुमचीच?” इन्स्पेक्टरांनी विचारले.

“हो.”

“म्हणजे तुम्ही तिथे होतात.”

“नव्हतो, साहेब. टेबलावर होतो.”

“मग ‘समक्ष’ हे कोणी लिहिलंय?”

मीच लिहिले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले, तर मी सोलापूरची एसटी धरली.

माझे नाव बापाने धम्मदीक्षेच्या दुसऱ्या वर्षी हौसेने ठेवले होते. सोलापुरात मी रंगनाथ पवार झालो. निरपराध बुद्धभूषणला पुण्यात सुरुवातीला चार दारे फिरूनही भाड्याने खोली मिळत नव्हती. फरारी रंगनाथला पहिल्याच दारात मिळाली, वर चहा. ते उसने नाव मी येथे टाकून देत आहे. ज्याला खोली हवी असेल त्याने उचलावे.

कोथरूडच्या दोन खोल्या पत्नी सत्यशीला हिला. शेजाऱ्यांच्या नजरा झेलत तिनेच त्या राखल्या, त्यामुळे मी देतो आहे असे म्हणणे आगाऊपणाचे आहे. “पळालात तर खरंच खुनी ठराल,” असे तिने बजावले होते. मी ऐकले नाही.

मुलगी नम्रता आयटी कंपनीत आहे. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदाराला तिने वडील वारले असे सांगितले. शेजाऱ्यांनीही तत्परतेने दुजोरा दिला. तिच्यापुरता या मृत्युपत्राचा अंमल आधीच सुरू झाला आहे. माझा तिच्यावर राग नाही. खूप वाईट मात्र वाटले.

संजय कानगुडे यास माझ्याकडून काही नाही. त्याने पुरेसे घेतले आहे.

कात्रजकडची माझी एक गुंठा जागा गेनबाची एकुलती एक मुलगी सोजरबाई हिला. मी साक्ष केलेल्या कागदाने तिची जमीन गेली. ती आज मंडईत भाजी विकते. अकरा एकरांपुढे एक गुंठा म्हणजे दर्यात खसखस, हे मला कळते.

आता मुख्य गोष्ट. गेनबाला अंगठा करताना मी पाहिले नाही. त्या दिवशी मी त्याच्या घरी गेलोच नाही. माझी साक्ष खोटी आहे. खुनाच्या आळाला भिऊन पळालो, असे मी स्वतःला सांगत आलो. खरे तर खोट्या साक्षीची शिक्षाही नको होती. मी भित्रा आहे. माझ्या मृत्यूनंतर डॉक्टरांनी हा कागद कोर्टात द्यावा, म्हणजे सोजरबाईला जमिनीसाठी भांडता येईल.

येथवर लिहून मी सोजरबाईला बोलावून सगळे वाचून दाखवले. या मृत्युपत्रासाठी ठरवलेला दुसरा साक्षीदार माझे नाव ऐकून फिरकला नव्हता. ती म्हणाली, “मी ऱ्हाते साक्षीला.” मी सांगितले, की साक्षीदारालाच काही दिले तर कोर्ट कागदावर संशय घेते, म्हणून गुंठा जाईल.

“जाऊ द्या. माझ्या बापाच्या टायमाला कुनी बघितलं न्हाई. तुमी सही करताना मी बघनार हाय.”

सबब गुंठ्याचे कलम रद्द. तो गुंठाही सत्यशीलेला.

पुणे, दि. ६ ऑगस्ट २००९

बुद्धभूषण धोंडिबा ओव्हाळ (सही)

साक्षीदार १. डॉ. वासंती आगाशे (सही). त्यांनी सही केली तेव्हा मी समोर होते.

साक्षीदार २. सोजरबाई गेनबा कानगुडे (डाव्या हाताचा अंगठा). तिने सांगितले तसे मी, डॉ. आगाशे, लिहिले: “ह्यांनी सही केली ती मी उभी ऱ्हाऊन बघितली. ह्यांच्या मरायची वाट बघत मी बसनार न्हाई. आत्ताच ह्यांना घेऊन चौकीत चाललेय.”