कोपऱ्यातलं अळू

साउथ लायन, मिशिगन
२० मे १९९४

ती. शोभनाताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण दोष माझा नाही, बागेचा आहे. घराबरोबर एकरभर जमीन मिळाली. चारुदत्त सकाळी नोव्हायला गाड्यांच्या कारखान्यात जातात आणि मी चिखलात उतरते. कोवळा वाटाणा हरणांनी फस्त केला. कुणीतरी सांगितलं म्हणून कुंपणावर साबणाच्या वड्या टांगल्या, तर आता साऱ्या बागेला न्हाणीघराचा वास येतो. तरी पहिला मुळा उपटला तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले.

ही बाग एडना नावाच्या म्हातारीची. लग्न केलं नाही, जन्म इथेच गेला आणि मागच्या वर्षी इथेच वारली. चेष्टा करू नकोस ताई, पण ती मला दिसते. भर दुपारी, गवती हॅट घालून पलीकडच्या कोपऱ्यात उभी असते. जवळ गेलं की कुणी नसतं.

आता चौथा महिना लागला. मागच्या दोन्ही खेपांना काय झालं ते तुला माहीतच आहे, म्हणून अजून कुणाला सांगितलेलं नाही. डोहाळे मात्र अळूवडीचे! इंडियन स्टोअरमधून डब्यातली आणली, तर तिला डब्याचीच चव. आणि गंमत बघ, म्हातारीच्या त्याच कोपऱ्यात अळू उगवलंय. सुपाएवढी पानं! देठ तेवढे लाल आहेत. चालतील ना?

आहे तेवढी माया ठेव, थोडी वाढवलीस तर मी नको म्हणणार नाही.
तुझी उत्तरा

नाशिक
४ जून १९९४

चि. सौ. उत्तरा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

इथे तुला कुंडीतला मोगरा जगवता आला नाही आणि तिथे एकरभर बाग! हरणांचं नशीब उघडलं म्हणायचं.

देठ लाल असले म्हणून काय झालं? थंड मुलखातलं अळू, तसंच असेल. चिंच सढळ हातानं घाल म्हणजे घसा खाजणार नाही. आई असती तर विमानात बसून आली असती आणि स्वतःच्या हातानं वड्या करून घातल्या असत्या. ती नाही, म्हणून थोरलेपणानं मी सांगते. डोहाळा मारू नकोस, पोटभर खा. म्हातारीचं म्हणशील तर कोपऱ्यात दहीभात ठेव आणि तिकडे बघू नकोस.

जपून राहा. इकडचा लोभ तुला ठाऊक आहेच.
ताई

साउथ लायन
२२ जून १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दहीभाताला तिनं हात लावला नाही. मी पानं कापून पायरीवर ठेवली आणि चिंच भिजवायला आत गेले. परत येते तो पानं खताच्या ढिगावर! देठ मात्र कापून पायरीवर नीट रचून ठेवलेले. चारुदत्त म्हणाले, रकून असेल, इथलं रात्री खरकटं चोरणारं रानटी जनावर. रकून देठ रचून ठेवतो का गं? पुन्हा पानं आणली, उंडे वळून उकडायला ठेवले आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेले. उंडेही ढिगावर, आणि स्वयंपाकघरात ओल्या मातीचा वास.

मला भीती वाटते, ताई. ती आता दिसते तेव्हा मान हलवत असते, नाही नाही म्हणत. माझ्या तोंडचा घास काढते, म्हणजे माझं बाळच तिला नको आहे. याही खेपेला रिकाम्या हातानं घरी यायचं बळ माझ्यात नाही. येत्या रविवारी चारुदत्त घरी असतील. तिच्यासमोर उभी राहून खाणार आहे. होऊ दे काय व्हायचं ते.

तुझी घाबरलेली,
उत्तरा

नाशिक
५ जुलै १९९४

चि. सौ. उत्तरा हिस आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू माघार घेऊ नकोस. गर्भारशीच्या तोंडचं काढणारी ती कोण? तो रविवार हुकला असेल तर आता देवाचं नाव घे आणि खाऊन टाक. मी इथे दिवा लावून बसते.

ताई

साउथ लायन
१९ जुलै १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज आलं.

त्या रविवारी वड्या तळल्या आणि ताटली घेऊन कोपऱ्यात गेले. ती होती. या वेळी नाहीशी झाली नाही. तोंड उघडं, ओरडतेय असं, आणि आवाज मुळीच नाही. माझ्या हातून ताटली पडली. तेवढ्यात शेजारची मार्था कुंपणापलीकडून आली. तिच्या हातात त्याच लाल देठांचं गोड सारण भरून भाजलेला पदार्थ होता, इथे त्याला ‘पाय’ म्हणतात. सांडलेल्या वड्यांत कसली पानं आहेत ते कळल्यावर ती किंचाळलीच. ते अळू नाही, ताई. रुबार्ब म्हणतात त्याला. देठ खातात, पान विषारी.

मग तिनं एडनाची गोष्ट सांगितली. आईच्या मागे एडनानंच धाकट्या बहिणीला वाढवलं. टंचाईच्या दिवसांत कुणीतरी सांगितलं, ही पानंही भाजीसारखी खातात. हिनं ती उकडून बहिणीला स्वतःच्या हातानं भरवली. धाकटी वाचली नाही. गावातले म्हणत, वाफा खणून टाक. ती म्हणे, वाफा राहू दे, मी राखण करीन.

आता ती दिसत नाही. बाळ सुखरूप आहे, काल डॉक्टरनं त्याच्या काळजाचे ठोके ऐकवले. कोपऱ्यात तिची ओटी भरावीशी वाटते. चालेल का?

तू स्वतःला काही बोल लावून घेऊ नकोस, माझ्या गळ्याची शपथ आहे.
तुझी उत्तरा

नाशिक
२ ऑगस्ट १९९४

चि. सौ. उत्तरा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन दिवसभर देवापुढे बसून होते. ओटी जरूर भर. सोबत माझ्या लग्नातला हिरवा खण पाठवते आहे, तो तिच्या ओटीत घाल. तिला सांग, एका थोरल्या बहिणीनं दुसरीला दिलाय.

ताई