कृष्णाची सही

बुध. ३ सप्टेंबर
बाजाराचा दिवस. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाजार उरकून एस.टी.ची वाट बघणाऱ्या बायका, त्यांच्या पिशव्या, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेली एक कोंबडी. स्टँडवर सावली नाही. आमच्या वाचनालयाला आहे, आणि शिपाई रंगनाथ माठ भरून ठेवतो.

हे बायकांना वाचून दाखवणं सुरू झालं आमचे जुने सभासद, गुरुजी, त्यांच्यामुळे. त्यांना मोतीबिंदू, म्हणून उन्हाळ्यात दुपारचं मी त्यांना कादंबरी वाचून दाखवत होते. गुरुजी ऑपरेशनला मुलाकडे पुण्याला गेले ते तिकडचेच झाले. कडेला बसून ऐकणाऱ्या बायका मात्र राहिल्या. त्यांतली साखरबाई पुढच्याच बुधवारी दारात उभी. "बाई, ती कृष्णा कोर्टात गेल्ती, तिचं पुढं काय झालं?" तेव्हापासून दर बुधवारी एक प्रकरण. साखरबाई दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. तोवर पुस्तक संपवायचं असं ठरलंय.

आजच्या प्रकरणात कृष्णाचा भाऊ पेढ्यांचा पुडा आणि स्टँपपेपर घेऊन तिच्या दारी आला. मागून कोणीतरी म्हणालं, "आला का भाड्या!"

शुक्र. ५ सप्टें.
कार्यकारिणीची मीटिंग. अध्यक्षसाहेब (यापुढे अ.सा.; पूर्ण लिहायला शाई फुकट नाही). विषय: अभ्यासिकेतल्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांची तक्रार. बुधवारी आवाज येतो. सुकटीचा वासही येतो.

अ.सा.: "वाचनालयात मोठ्यानं वाचणं कितपत योग्य आहे?"

मी म्हटलं, बायका ऐकतात, वाद घालतात, पुढच्या बुधवारी परत येतात. आपल्या व्याख्यानमालेला खुर्च्यासुद्धा आपण मोजून मांडतो.

"त्या सभासद आहेत का?"

नाहीत.

"मग झालं तर."

सेक्रेटरींनी मान हलवली. त्यांची मान अ.सा. बोलल्यावर आपोआप हलते. काय निर्णय झाला ते कोणी सांगितलं नाही, म्हणजे मी वाचणार.

बुध. १० सप्टें.
आज पान कमी, भांडण जास्त. कृष्णाने हक्कसोडीवर सही करावी की नाही? आईबापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला लिहून द्यायचा, ती हक्कसोड. हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. सगळ्यांनी दिलेली आहे.

"दिल्याबिगर म्हायेर ऱ्हातंय व्हय?"

"दिऊन तरी कुठं ऱ्हायलंय? माझ्या भावानं गेल्या वर्साला पानीबी इचारलं न्हाई."

"पर आपुन होऊन वाईटपना कशाला घ्यायचा?"

मी पुस्तकात बोट घालून ऐकत होते. मीही दिली आहे, नगरच्या घरावरची. भाऊ वर्षातून एकदा, राखीच्या आदल्या दिवशी फोन करतो आणि कुरिअरचा पत्ता परत सांगतो.

साखरबाई एरवी सगळ्यांत बोलकी. आज एक शब्द नाही.

बुध. १७ सप्टें.
साखरबाईने पहिली गाडी सोडली. दुसरी पण. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "बाई, एक इचारू? तिनं शेवटाला सही केली का न्हाई, तेवढं सांगा."

म्हटलं, मीच पुढचं वाचलेलं नाही. खरंच नव्हतं वाचलं. त्यांच्याबरोबरच वाचायची गंमत होती.

मग तिने सांगितलं. बाप वारला. विहिरीकडचा तुकडा विकायला काढलाय. भाऊ रोज फोन करतो, कारखान्यावर जायच्या आधी रजिस्टर ऑफिसात येऊन सही करून जा म्हणतो.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हनलं, थांब जरा. आदी कृष्णा काय करती बघू दे."

मला हसू आलं. तिला नाही आलं. जन्मभर दुसऱ्याचा ऊस तोडला, त्या विहिरीवर आपली दोन वाफे भाजी असावी एवढंच म्हणते. नवरा म्हणतो, तुझं तू बघ. लेक अकरावीला पाथर्डीला होस्टेलवर.

शनि. २० सप्टें.
राहवलं नाही. पुस्तक घरी आणून शेवट वाचला.

सही करते. हसत हसत करते! कोर्टात जिंकत आलेली बाई ऐनवेळी म्हणते, दादा, मला जमीन नको, तुझी माया हवी. अंगठ्याला शाई. भाऊ रडतो. भाऊबीजेला लुगडं घेतो. समाप्त. लुगड्याचा रंगसुद्धा दिलाय, मोरपंखी.

सगळं पुस्तक त्या बाईला ताठ उभी करायची आणि शेवटच्या दोन पानांत गुडघ्यावर आणायची. या लेखकाच्या बहिणींनी नक्की सह्या केलेल्या असणार.

ह्यांना सांगितलं. हे निवृत्त कंडक्टर, सगळ्याला उपाय तयार. "मग तू बदलून सांग की. तिला काय वाचता येतंय?"

म्हणूनच तर बदलायचं नाही ना! तिला वाचता येत नाही म्हणून छापलंय तेच तिला मिळालं पाहिजे. एवढी वर्षं हेच काम केलं. हे म्हणाले, "मग बस डोकं धरून." बसले.

बुध. २४ सप्टें.
पाऊस. बाजार भरलाच नाही. वाचन नाही. बरं वाटलं. बरं वाटलं याचाच राग आला.

बुध. १ ऑक्टो.
दोन प्रकरणं वाचली. आता शेवटचं राहिलं. साखरबाई डोळे मिटून ऐकते, हात मात्र चालू. शेंगा निवडत होती.

पाच वाजता अ.सा. गाडीतून उतरले. सोबत फोटोवाला. जिल्ह्याला कुठलासा "उपक्रमशील ग्रंथालय" पुरस्कार निघालाय. आता यांना बायका दिसल्या. वास येईना, आवाज येईना. "बाई, काय सुंदर काम करताय हो तुम्ही! आपण पंधरा तारखेला मोठं करू. वाचन प्रेरणा दिन. बुधवारच आहे." उपक्रमाला नावही तयार होतं: श्रवणगंगा.

मी म्हटलं, त्या दिवशी या बायकांना पुढे बसवायचं. "अर्थातच! त्यांच्यासाठीच तर आहे." मी विश्वास ठेवला. या वयात.

बुध. ८ ऑक्टो.
व्हरांड्याला रंग. शिवाय पुढून लोखंडी ग्रिल, कुलपाची कडी असलेलं. वेल्डिंगच्या ठिणग्या. बायका रस्त्यात उन्हात बसल्या. माठ हलवलाय.

साखरबाई: "पुढल्या बुधवारी नक्की ना, बाई? भाऊ लई मागं लागलाय."

नक्की म्हटलं. शेवटचंच प्रकरण आहे म्हटलं.

बुध. १५ ऑक्टो.
आज सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

व्हरांड्यात पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या. खुर्च्यांत श्रोत्या: कार्यकारिणीच्या बायका, काठापदराच्या साड्यांत. ग्रिल लावलेलं. आत रंगनाथ, तोंड पाडून. "साहेबांनी सांगितलंय, बाजारवाल्यांना कार्यक्रम झाल्यावर सोडायचं." बाहेर साखरबाई, तिची जाऊ मंदाबाई आणि बाकीच्या, डोक्यावर पदर, हातात पिशव्या. त्यांच्याच नावाचा कार्यक्रम आणि त्या मात्र गजांतून बघतायत.

अ.सा.ना म्हटलं, हे काय? ते हसतच होते, फोटोसाठी तोंड तसंच ठेवलेलं. "बाई, पाहुणे जिल्ह्याहून आलेत. जरा डेकोरम." डेकोरम!

दीपप्रज्वलन, शाली, नारळ. अ.सा. श्रवणसंस्कृतीवर बोलले, मग पाहुणे बोलले, मग पाहुण्यांबद्दल अ.सा. परत बोलले. आणि मग मला: "बाई, दोन मिनिटं वाचा काहीतरी. फोटोपुरतं."

कर्णा स्टँडच्या दिशेने लावलेला, गावाला ऐकू जावं म्हणून. मी माईक ओढला आणि शेवटचं प्रकरण काढलं.

शेवट काय आहे, तो ऐकून साखरबाई काय करेल, त्या क्षणी यातलं काहीही डोक्यात नव्हतं. फक्त संताप. हिला कबूल केलंय, हिला मिळणार, मग हे सगळे बसोत बोंबलत. पुढच्या खुर्च्यांकडे बघितलंच नाही, ग्रिलकडे तोंड करून वाचलं. स्टँडवर एस.टी. लागली, हॉर्न वाजवून वाजवून थकली. एकही बाई हलली नाही.

अ.सा. खाकरले. घड्याळ दाखवलं. "आटपा" अशी चिठ्ठी आली, ती मी पान उडू नये म्हणून पुस्तकावर ठेवली. सेक्रेटरींची बायको मोबाईल पर्समध्ये टाकून म्हणाली, "अहो, वाचू द्या ना त्यांना." सेक्रेटरींची मान कुठे हलवावी कळेना.

कृष्णा रजिस्टर ऑफिसात आली. टेबलावर शाईचं पॅड. साहेब म्हणाला, बाई, इथं. कृष्णाने हात पुढे केला...

कर्णा बंद. अ.सा.नी वायर काढायला लावली. लगेच सेक्रेटरी आभाराला उभे, माईकशिवायच.

आणि ग्रिलमधून साखरबाई ओरडली, "केली का? बाई, सही केली का तिनं?"

मला ओरडून सांगता आलं असतं. एकच शब्द होता. मी पुस्तक मिटलं. कंडक्टरने डबल बेल मारली. मंदाबाईने तिला दंडाला धरून नेलं. जाताना ती मागे बघत होती, माझ्याकडे.

गुरु. १६ ऑक्टो.
पेपरात फोटो. "श्रवणगंगेत ग्रामीण महिला न्हाल्या." फोटोत पांढऱ्या खुर्च्या. मी अर्धी, कडेला.

दुपारी पत्र. कार्यक्रमाचा बेरंग केला, लेखी खुलासा द्या. ग्रिल बुधवारीही बंद ठेवायचं. मी खुलाशाऐवजी राजीनामा लिहिला आणि पर्समध्ये टाकला. दिवाळी झाली की टेबलावर आदळायचा. अ.सा.च्या पुतणसुनेने म्हणे ग्रंथालयाचा कोर्स केलाय. बसवा तिला. मी सुटले.

सोम. २७ ऑक्टो.
दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडलं. राजीनामा द्यायचा होता, अ.सा. बाहेरगावी.

अकराला एक माणूस आला. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत.

"कृष्णाबाई कोन हाय इथं?"

इथे कृष्णा नावाचं कोणी नाही म्हटलं.

"खोटं नका बोलू. माझ्या भैनीला फितवती ती. नंबर द्या तिचा."

साखरबाईचा भाऊ! रंगनाथ म्हणाला, "पाव्हनं, ती पुस्तकातली हाय."

"पुस्तकातली आसू द्या. ऱ्हाती कुठं?"

किती दिवसांनी मी अशी हसले. हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो भडकला. तुमच्या अध्यक्षांना बघून घेतो म्हणाला, गल्लीतल्या गल्लीत आवाज चढवत गेला. अ.सा. त्याचे सोयरे निघणार. इथे सगळे सगळ्यांचे सोयरे.

पण म्हणजे साखरबाईने काय केलं? ते विचारायचं राहूनच गेलं. हसत काय बसले मूर्खासारखी.

मंगळ. ४ नोव्हें.
दुसरं पत्र. महिनाअखेरपर्यंत मुदत, स्वतःहून गेलात तर निरोप समारंभ करू. शाल-नारळासकट. उद्या राजीनामा देते.

बुध. ५ नोव्हें.
बाजार. ग्रिलला कुलूप. पर्स घेऊन अ.सा.च्या केबिनकडे निघाले होते, तेवढ्यात ग्रिलमधून हाक. मंदाबाई. ती सासूसाठी मागे राहिलीय, साखरबाई शनिवारीच टोळीबरोबर कारखान्यावर गेली.

"सही?" मी आधी तेच विचारलं.

"न्हाई केली. भावानं ट्रॅक्टरपशी येऊन लई तमाशा केला. आक्का म्हनली, आरं त्या बाईचा हात पुढं हुता, तेवढ्यात आवाज ग्येला. तिनं काय केलं ते कळल्याबिगर मी करनार न्हाई. पट्टा पडल्यावर येते, बाई वाचून दाखवतील, मंग बघू."

कारखान्याचा पट्टा पडणार, म्हणजे गाळप संपणार, शिमग्याच्या पुढे. तोवर विहीर तिची.

"आनि तुमाला निरोप दिलाय. ती येस्तोर शेवट कुनालाच वाचायचा न्हाई. आनि तुमी कुटं जायाचं न्हाई."

अ.सा.ची केबिन तिथेच होती, दार उघडं, आत ते फोनवर. मी परत फिरले. आता राजीनामाही देता येत नाही. हाकललं तर काय करू ते माहीत नाही. खुलासा लिहायला घेतलाय, गोड गोड, माफीचा.

हे म्हणाले, "चला, सुटलीस. न वाचल्यामुळे बाईची विहीर वाचली."

कसली सुटले? पुस्तक पिशवीत घालून घरी आणलंय. शेवटची दोन पानं आज परत वाचली. मोरपंखी लुगडं आहे तिथेच आहे. साखरबाई उन्हाळ्यात येईल, पाय पसरून माझ्यापुढे बसेल, डोळे मिटेल आणि म्हणेल, हं, वाचा. तेव्हा छापलंय तेच वाचायचं, की...